दोन युनिटांचा संसार

जालन्याच्या एमआयडीसीत भंगारापासून सळई होते. ते भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण सहाशे युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर चार माणसांची घरगाडी दहा महिने चालते. दिवे, पंखे, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, मोबाइल, लॅपटॉप असं सगळं धरून. अट एकच, एसी लावायचा नाही. मे महिन्यातल्या दुपारी जालन्यात उभं राहून ही अट कुणाला सांगून पाहावी!

घरगाडी, म्हणजे ज्या गाडीतच झोपायचं, रांधायचं आणि राहायचं ती कॅरव्हॅन, आपल्याकडे आता अगदीच अपूर्वाईची राहिलेली नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनंही आणलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालना त्या वाटेवर आलं. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईच्या बाजूपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. अजिंठा, वेरूळ, लोणार असा बेत आखून निघालेल्या गाडीला जालना जिल्हा ओलांडावाच लागतो. वाकडी वाट केली तर राजूरचा गणपती आहे, भोकरदन तालुक्यातलं अन्व्याचं जुनं कोरीव मंदिर आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आहे.

मुक्कामाला गाडी उभी करायची कुठे, हा प्रश्न सुटतो. देवस्थानचं पटांगण असतं, ढाब्याची मागची बाजू असते, ओळखीच्या माणसाची मोसंबीची बाग असते. वायर कुठे खोचायची, हा प्रश्न मात्र सुटत नाही. युरोप-अमेरिकेत अशा गाड्यांच्या बऱ्याच तळांवर प्रत्येक जागेपाशी विजेचा खांब असतो, प्लग लावला की झालं. आपल्याकडे तसे तळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून इथल्या घरगाडीला आपली वीज बरोबर घेऊनच फिरावं लागतं.

मराठी मुलखाला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. तमाशाचे फड दसऱ्यानंतर बाहेर पडतात ते उन्हाळ्यापर्यंत ट्रकमधूनच संसार करतात. आज या गावच्या जत्रेत, उद्या त्या गावच्या. कनात, पेट्या, कलावंत, स्वयंपाकाची भांडी आणि जनरेटर, सगळं बरोबर. गॅसबत्तीच्या उजेडात उभे राहिलेले फड पुढे जनरेटरवर आले. तंबूतल्या टुरिंग टॉकीजचंही तसंच. प्रोजेक्टर, कापडी पडदा आणि ट्रकवरचा जनरेटर एवढ्या भांडवलावर त्यांनी गावोगावी सिनेमा नेला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावाल्यांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. जनरेटर बंद पडला की खेळ बंद आणि तंबूत शिट्ट्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फिरत्या विजेचं मोल वेगळं समजवावं लागत नाही.

आषाढी वारीत तर हे दरसाल दिसतं. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून बुलढाणा, जालना, बीड अशी उतरत पंढरीला जाते. दिंडीच्या पुढे ट्रक निघतो. त्यात राहुट्या, गॅसच्या टाक्या, पातेली, धान्य. मुक्कामावर पोचल्यावर स्वयंपाकाच्या बरोबरीनं आणखी एक जागा गजबजते. ट्रकच्या फाळक्याला टांगलेला लाकडी बोर्ड, त्यावर ओळीनं सॉकेट आणि त्यांना लोंबकळणारे पंधरा-वीस मोबाइल. कुणी आपल्या फोनला लाल दोरा बांधलेला, कुणी मागं चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. एवढे फोन भरायला लागणारी वीज फार नसते. एका फोनला फार तर पंधरा-वीस वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट), म्हणजे वीस फोनांना मिळून अर्ध्या युनिटाच्याही आतच. पण त्यासाठी जनरेटर तासन्‌तास धडधडत ठेवला तर डिझेल मात्र पुरतं जळतं.

घरगाडीच्या विजेचं सगळं गणित याच विसंगतीवर उभं आहे. गाडीतल्या गरजा दोन जातीच्या असतात. दिवा, पंखा, फ्रिज यांना थोडी थोडी वीज लागते, पण रात्रंदिवस. मिक्सर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांना एकदम भरपूर लागते, पण थोडा वेळ. जनरेटरला दुसरी जात मानवते, पहिली नाही. पाव भारावर चालणारा छोटा जनरेटर पाव इंधन खात नाही. पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास खातो, कारण इंजिन फिरवत ठेवण्याचा खर्च भार असो नसो द्यावाच लागतो. एका पंख्यासाठी रात्रभर जनरेटर चालवणं म्हणजे पेट्रोल ओतून आवाज विकत घेणं.

आता हिशेब मांडू. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास घेतो. पंचवीस वॉटचे दोन पंखे बारा तास चालले तर सहाशे वॉट-अवर. पाच एलईडी दिवे संध्याकाळभर, सव्वाशे. मोबाइल आणि एक लॅपटॉप मिळून अडीचशे. पाण्याचा पंप जेमतेम तीस. बेरीज पावणेदोन युनिट. इन्व्हर्टर आणि वायरिंगमध्ये जाणारी गळती धरून दोन. याच गाडीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी लावला आणि तो रात्री आठ तास सरासरी सहाशे वॉटवर चालला, तर एकटा एसी जवळजवळ पाच युनिट पितो. म्हणजे अख्ख्या संसाराच्या अडीचपट. घरगाडी घेणाऱ्यानं ‘बॅटरी केवढी लावू’ हा प्रश्न नंतर विचारावा. एसी हवा की नको, हे आधी ठरवावं, कारण खर्चाचा आकडा तिथंच ठरतो. स्वयंपाक गॅसवर ठेवला तर आणखी एक मोठी मागणी टळते.

या दोन युनिटांसाठी बॅटरी कोणती? लोडशेडिंगनं मराठवाड्यातल्या घराघरांत इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी नेऊन ठेवली आहे. ती शिसं आणि आम्लाची. दीडशे अँपिअर-अवरची अशी एक बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर ती लवकर म्हातारी होते, म्हणून भरवशाची वीज पाऊण-एक युनिटच. वजन पन्नास किलोच्या वर. दोन युनिट हवे असतील तर अशा दोन बॅटऱ्या, शंभरहून जास्त किलो, वर मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि खड्ड्यात गाडी आदळली की आम्ल सांडणार नाही ना याची धाकधूक. भोकरदनकडच्या एखाद्या आडवाटेनं गेलेल्या माणसाला ती धाकधूक पोचेल.

लिथियमच्या २०० अँपिअर-अवर बॅटरीत २.५६ युनिट मावतात. त्यातले ऐंशी टक्के वापरले तरी दोन युनिट निर्धास्त मिळतात आणि वजन वीस-पंचवीस किलो. चांगल्या बनावटीची बॅटरी अशी दोन ते चार हजार वेळा भरता-रिकामी करता येते. लिथियम म्हटलं की २०२२ मधल्या पेटलेल्या ई-स्कूटर आठवतात आणि माणूस बिचकतो. त्यात चूक काही नाही, पण लिथियमच्याही जाती आहेत. घरगाडीला लावायची ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. बाजारात तिला एलएफपी म्हणतात. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तापली तरी तो सहजी सुटत नाही. त्यामुळे स्कूटर-मोबाइलमधल्या निकेल-कोबाल्टच्या जातीपेक्षा ती आगीच्या बाबतीत बरीच शांत. जागा थोडी जास्त खाते, एवढंच. हा पदार्थ बॅटरीत चालतो हे दाखवणारा निबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून आला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी अशी दोन नावं आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारं दुसरं कुणी नाही.

वजन आणि आयुष्य या दोन गुणांवर लिथियम विकली जाते. पण जनरेटर जवळ बाळगणाऱ्यासाठी तिचा तिसराच गुण मोलाचा, तो म्हणजे ती भराभर भरते. शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी वेगानं भरते आणि उरलेल्या वीस टक्क्यांना काही तास लावते. त्या काळात ती इतका कमी करंट घेते की जनरेटर जवळजवळ रिकामाच फिरत राहतो. लिथियम शेवटापर्यंत भरभरून घेते. २०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला शंभर अँपिअरचा चार्जर लावला तर तो सुमारे १४०० वॉट ओढतो. दोन केव्हीएचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर साधारण १६०० वॉट देतो. जोडी अगदी बेतानं जमते. जनरेटर आपल्या मगदुराच्या भारावर दीड-दोन तास चालतो, दोन लिटरच्या आत पेट्रोलमध्ये काम उरकतो आणि बंद होतो. पुढचे बावीस तास गाडी मुकाट. ज्यांनी दुकानांसमोर घासलेटवर चालणाऱ्या श्रीराम होंडा जनरेटरचा धूर आणि कलकलाट सोसत खरेदी केली आहे, त्यांना हा फरक सांगायला नको.

थोडक्यात बॅटरी ही शेततळ्यासारखी. जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या द्राक्षबागायतदाराला कुणी विचारत नाही की तळ्यातून पाणी तयार कसं होतं. पाणी पावसाचं, तळं फक्त धरून ठेवतं. बॅटरीकडून मात्र लोक वीज ‘तयार’ होण्याची अपेक्षा ठेवतात आणि दुसऱ्या रात्री अंधारात बसतात.

भरणा करायला जनरेटरशिवाय आणखी दोन वाटा आहेत. एक गाडीचं स्वतःचं इंजिन. त्याच्या अल्टरनेटरवर तीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला तर तासाला चारशे वॉट-अवरच्या आसपास मिळतात. पाच तास गाडी चालवली की दिवसाचे दोन युनिट बॅटरीत. हा चार्जर वगळून अल्टरनेटरची वायर थेट लिथियमला जोडण्याची काटकसर मात्र महागात पडते. लिथियम हावरटासारखी मिळेल तेवढा करंट ओढते आणि बिचारा अल्टरनेटर तापून जळतो.

दुसरी वाट सूर्याची. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. छतावर पाचशे वॉटचं पॅनेल असलं तर निरभ्र दिवशी दोन युनिट निघतात. तेही गळती, धूळ आणि उष्णतेची घट धरून. हो, उष्णतेची घट. पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो. त्याची कागदावरची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि तापमान एका अंशानं वाढलं की उत्पादन साधारण ०.३५ टक्क्यांनी घटतं. छतावरचं पॅनेल ६५ अंशांवर गेलं की चौदा टक्के वीज गेलीच. श्रावणात आभाळ भरून आलं तर निम्म्याहून कमी. जनरेटर विकून टाकू नये तो याच दिवसांसाठी.

गाडी कडुनिंबाखाली लावावी की उन्हात, हा जालन्यातला रोजचा पेच. सावलीत माणसं सुखी आणि पॅनेल मेलेलं. उन्हात पॅनेल खूश आणि आतली माणसं भाजून निघालेली. अनुभवी लोक गाडी सावलीत लावतात आणि घडीचं पॅनेल लांब वायरीला जोडून उन्हात पसरतात.

माणसांसारखंच बॅटरीचंही आहे. परदेशी कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत शून्याखालच्या थंडीत लिथियम चार्ज करू नका, अशी मोठी ताकीद असते. ती पानं जालन्यात खुशाल उलटावीत. इथं धोका दुसऱ्या टोकाला आहे. बहुतेक एलएफपी बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीतला पत्र्यालगतचा कप्पा ही मर्यादा सहज ओलांडतो. मग बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिच्या राखणीचं सर्किट, चार्जिंग तोडतं. भर दुपारी, पॅनेल सगळ्यात जोरात असताना, नेमकी तेव्हाच बॅटरी दार लावून बसते. मालक म्हणतो, बॅटरी बिघडली. बिघडलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते. म्हणून बॅटरी छताजवळ किंवा इंजिनाशेजारी बसवू नये. सीटखाली, जमिनीलगत, हवा खेळती राहील अशी बसवावी. उन्हाळाभर गाडी उभीच राहणार असेल तर बॅटरी शंभर टक्के भरून न ठेवता निम्म्यावर ठेवावी. ताप आणि पूर्ण भरणा दोन्ही एकत्र आले की ती लवकर झिजते.

बीएमएसची चौकशी न करता स्वस्त पॅक उचलणारेही भेटतात. जुन्या गाड्यांतून काढलेले सेल नवं प्लास्टिक चढवून विकले जातात आणि वरून पाहून काहीच कळत नाही. इथं पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. वायरिंगचंही तेच. बारा व्होल्टवर दोन हजार वॉट ओढायचे तर १६० अँपिअरच्या वर करंट वाहतो. घरातल्या वायरी त्यापुढे दोऱ्यासारख्या. अंगठ्याएवढी जाड केबल, तिच्या टोकाला नीट दाबून बसवलेली लग आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज, यात तडजोड नाही. ढिली लग तापते, तापून आणखी ढिली होते. मोठी गाडी असेल तर सरळ ४८ व्होल्टची बांधणी करावी, करंट एक चतुर्थांशावर येतो. साधी व्हॅन घेऊन तिची घरगाडी करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. ती न घेता केलेला फेरफार विम्याच्या वेळी नडतो.

हे सगळं झालं विजेचं. जिवाचं वेगळं आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. एसी लावून ते आत झोपले होते आणि एसीसाठी जनरेटर चालू होता. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी त्याच गाडीवर चाचणी घेतली तेव्हा उलगडा झाला. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या छिद्रातून आत भरत गेला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, त्यानं ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याचं कारणच उरत नाही.

लिथियम बॅटरीचा सगळ्यात मोठा उपयोग कुणी विचारला तर हा सांगावा. तिच्यामुळे झोपेत जनरेटर चालवायची गरज संपते. संध्याकाळी माणसं बाहेर सतरंजी टाकून बसलेली असताना, जनरेटर गाडीपासून वीसेक फूट दूर, धुराचं तोंड वाऱ्याच्या दिशेनं पलीकडे करून दोन तास चालवावा आणि जेवणं उरकायच्या आत बंद करावा. राहुटीत नाही, फाळक्याखाली नाही, पाऊस आला म्हणून गाडीच्या आडोशाला तर मुळीच नाही. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र हवंच. एसीच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. आणि रात्री एसी हवाच असेल, तर बॅटरी त्या हिशेबानं मोठी घ्यावी. पाच युनिट एसीचे आणि दोन संसाराचे, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या हिशेबानं जवळजवळ नऊ युनिटांची बॅटरी. ती परवडत नसेल तर खिडकीला जाळी लावून पंख्यावर झोपावं. मराठवाड्यातल्या रात्री पहाटेकडे बऱ्याच निवतात.

हौसेनं मीटरविना राहणाऱ्यांचं हे झालं. जालना जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने कारखान्यांच्या परिसरात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. तिथं मीटर नसतं. हजेरीसाठी आणि घरी उरलेल्या म्हाताऱ्यांशी, मुलांशी बोलण्यासाठी फोन तर लागतोच. पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात उतरायला डोक्याला बांधायचा दिवा लागतो. त्यांच्या गरजेला दोन युनिटही नकोत. एक छोटं पॅनेल आणि विटेएवढी लिथियम बॅटरी एका कोपीला पुरते. घरगाडीच्या तंत्रातला सगळ्यात स्वस्त तुकडा, आणि त्याची सगळ्यात जास्त निकड असलेली माणसं ही. कॅरव्हॅनचं धोरण झालं तसं या तुकड्याचंही व्हायला हरकत नव्हती.

जालन्याच्या शिवारात दुसरीकडे वीज पडून असते. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत २०२४ च्या अखेरीस पंप बसवण्यात हा जिल्हा राज्यात सगळ्यात पुढे होता. पाच अश्वशक्तीच्या पंपामागे जवळजवळ पाच किलोवॉटचे पॅनेल असतात, म्हणजे घरगाडीच्या छताच्या दहापट. या पंपांना बॅटरी नाही. ऊन पडलं की पाणी, बाकी वेळ शांतता. बागेला पाणी देऊन झालं की पॅनेल नुसतेच तापत उभे. केंद्राच्या कुसुम योजनेत यावर उपाय म्हणून एक सर्वोपयोगी कंट्रोलर मान्य झालेला आहे. पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, डीप फ्रीझर किंवा बॅटरीचा चार्जर चालावा, अशी त्याची रचना असते. असा कंट्रोलर बसवलेल्या अंबडकडच्या मोसंबीच्या बागेत घरगाडी उभी राहिली, तर तिचे दोन युनिट भरायला मोठ्या चार्जरवर तास-दीड तास पुरेल. बागवाल्याला मुक्कामाचं भाडं मिळेल, वर मोसंबी विकली जाईल ती वेगळीच. साध्या कंट्रोलरवर मात्र हा प्रयोग करू नये. पॅनेलची मालिका काहीशे व्होल्टची डीसी असते, तिला हात लावायच्या आधी पंप बसवणाऱ्या कंपनीला आणि महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावं.